झाडाला चीवर नेसवल्याने जंगल वाचतं का?

रानफूल

गेले काही महिने बौद्ध विधी आणि निसर्गरक्षण या विषयावर वाचतेय. वाचत जावं तसा एकच प्रश्न जास्त छळतोय, म्हणून हा धागा. लांब झालाय, सांभाळून घ्या.

नोव्हेंबर १९८८ मध्ये दक्षिण थायलंडात, नाखोन सी थम्मरात भागात भीषण पूर आला. जंगल तुटून डोंगर उघडे पडले होते. पावसाने माती सुटली आणि ओंडके चिखलासकट गावांवर येऊन कोसळले. शेकडो माणसं गेली. जानेवारी १९८९ मध्ये सरकारने देशभर लाकूडतोडीवर बंदी आणली. त्याच सुमारास देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, उत्तरेतल्या फयाओ प्रांतात फ्राख्रू मानस नाथीफिटक या भिक्खूंनी झाडाला काषाय चीवर, म्हणजे भिक्खूंचं भगवं वस्त्र, गुंडाळून एक नवाच विधी सुरू केला होता. थाई भाषेत त्याला 'बुआत तोन माय' म्हणतात, म्हणजे झाडाला प्रव्रज्या, भिक्खूची दीक्षा, देणं.

पुढे नान प्रांतात फ्राख्रू पितक नानथाखुन यांनी या विधीला घडीव रूप दिलं. १९९१ च्या समारंभाचं वर्णन वाचून मी थबकले. उरलेल्या जंगलातलं सगळ्यात मोठं झाड निवडलं. बुंध्याशी बुद्धमूर्ती ठेवली, सुत्तपठण झालं, झाडाला चीवर गुंडाळलं. मग भिक्खूंनी पाणी मंत्रवलं आणि ते आसपासच्या गावांच्या मुखियांनी सगळ्यांसमोर प्यायलं. म्हणजे जंगल राखण्याची शपथ अक्षरशः पोटात घेतली. झाडावर पाटी होती : 'थामलाय पा खू थामलाय चात'. जंगलाचा नाश म्हणजे 'चात'चा नाश. हा 'चात' म्हणजे आपला 'जाति'. थाईमध्ये त्याचे अर्थ जन्म, जीवन आणि राष्ट्र असे तिन्ही होतात. ज्याला जो अर्थ टोचेल तो त्याने घ्यावा! अशा निसर्ग राखणाऱ्या भिक्खूंना तिथे 'फ्रा नाक अनुरक' म्हणतात. त्यातला 'अनुरक' म्हणजे 'अनुरक्षण', हे मराठी माणसाला सांगायला नको.

आता प्रश्न. विनयाप्रमाणे, म्हणजे भिक्खूंच्या नियमांप्रमाणे, प्रव्रज्या फक्त माणसाला मिळते. मग झाडाची प्रव्रज्या हा नुसता देखावा म्हणायचा, की त्या चीवरात खरंच काही ताकद आहे? पालीची जाण असलेल्यांनी कृपया लिहावं.

पिंपळपान

छान धागा. थोडं पाली वाचलंय, तेवढ्यावर लिहितो.

फक्त माणसालाच, हे बरोबर. त्यामागची कथा विनयाच्या महावग्ग या भागात आहे. एका नागाला आपल्या नागयोनीचा वीट आला. तरुणाचं रूप घेऊन त्याने उपसंपदा, म्हणजे पूर्ण भिक्खू होण्याची दीक्षा, मिळवली आणि झोपेत मूळ रूपात सापडला. तेव्हापासून उपसंपदेच्या वेळी 'मनुस्सोसि?', तू माणूस आहेस ना, असं विचारतात. गंमत म्हणजे थायलंडात दीक्षेला बसणाऱ्या तरुणाला दीक्षा होईपर्यंत 'नाक' म्हणजे नागच म्हणतात. ही कथा तिथे पोरासोरांनाही ठाऊक आहे. त्यामुळे झाड भिक्खू होत नाही हे चीवर बांधणाऱ्यांना तुमच्याआमच्यापेक्षा चांगलं कळतं. विनयकर्म मोडण्याचा त्यांचा हेतू नाही. लोकांच्या मनात चीवराविषयी जो धाक आणि आदर आहे, तो ते झाडाला उसना देतात. चीवर अंगावर असलेल्यावर कुऱ्हाड कोण उगारेल?

पण विनयात झाडांबद्दल याहून जुनं काही आहे. आळवी इथले भिक्खू विहार बांधायला झाडं तोडत होते. एका झाडावर राहणारी देवता म्हणाली, भन्ते, तुमच्या घरासाठी माझं घर तोडू नका. भिक्खूने ऐकलं नाही, आणि घाव तिच्या मुलाच्या दंडावर बसला. रागाच्या भरात तिला वाटलं, याला इथेच ठार करावं. मग तिने स्वतःला आवरलं आणि ती बुद्धांकडे गेली. त्यावरून पाचित्तिय या नियमगटातला ११ वा नियम आला : भिक्खूने वनस्पती तोडू नये. वनस्पतींचे पाच प्रकारही सांगितलेत, मुळापासून, खोडापासून, पेरापासून, छाटापासून आणि बीपासून उगवणाऱ्या. शेतकऱ्याला हे वर्गीकरण आजही पटेल.

या नियमाचं कारण मात्र नीट वाचा. 'जीवसञ्ञिनो हि मनुस्सा रुक्खस्मिं', लोक झाडात जीव मानतात, म्हणून. झाडात जीव आहेच असं विधान तिथे नाही. लोकांच्या भावनेची कदर भिक्खूने करायची आहे. वर्षावासाचंही तसंच. पावसाळ्यात भिक्खू हिरवं गवत तुडवत, बारीक जीव मारत हिंडतात, अशी लोकांनी तक्रार केली, म्हणून एका जागी राहण्याचा नियम झाला. त्याखेरीज माती खणू नये, जीवजंतू असलेलं पाणी वापरू नये, हिरवळीवर किंवा पाण्यात थुंकू नये, पाणी गाळायचं कापड जवळ ठेवावं. हे सगळं एकत्र वाचलं की एक गोष्ट दिसते. भिक्खूचं सगळं शरीरच सांभाळून वावरायला शिकवलं जातं. यात 'पर्यावरण' हा शब्द नाही आणि तशी कल्पनाही नाही. तरी ज्याने वीस वर्षं पाऊल टाकण्याआधी खाली पाहिलंय, त्याला जंगल वेगळं दिसत असणारच.

सडेतोड

वाचायला सुंदर आहे सगळं. पण धाग्याचा विषय विधी आणि निसर्गरक्षण असेल, तर आज सर्रास होणाऱ्या विधीबद्दल बोला. प्राणिमोचन. चिनी परंपरेत त्याला 'फांगशंग' म्हणतात. मरणाच्या दारातला जीव विकत घ्यायचा, सोडायचा आणि पुण्य पदरात पाडायचं. परंपरा जुनी आहे. सहाव्या शतकात थिएन्ताई पंथाच्या झीयी यांनी त्यासाठी तळी राखली, आणि इ.स. ७५९ मध्ये तांग सम्राट सूत्सोंग याने अशी ८१ तळी करायचा हुकूम काढला.

आज काय होतं? सोडायला जीव हवेत, म्हणून जंगलातून पकडून आणतात. जाळ्यात किती मरतात, पिंजऱ्यात किती, ते कोण मोजतं? तैवानच्या तळ्यांमध्ये अमेरिकेतलं लाल कानाचं कासव बोकाळलं, त्यात सोडलेल्या कासवांचाही वाटा आहे. चीनच्या नद्यांमध्ये अमेरिकन बुलफ्रॉग पसरायलाही या विधीचा हातभार लागला. २०१५ मध्ये ब्रिटनमध्ये ब्रायटनच्या किनाऱ्याजवळ शेकडो परदेशी शेवंडे आणि खेकडे सोडले गेले. ते पकडून परत आणायला मच्छीमारांना कामाला लावावं लागलं, आणि २०१७ मध्ये सोडणाऱ्या दोघांना कोर्टाने दंड केला. या लोकांचं मन वाईट नव्हतं, आणि नेमकी तीच गोष्ट मला भिववते. करुणेपोटी केलेल्या कामाने एखादी नदी बिघडू शकते, आणि करणारा शांत मनाने घरी जातो.

एक प्रवासी

सडेतोड, तुमचं म्हणणं मी डोळ्यांनी पाहिलंय. आग्नेय आशियातल्या एका विहाराच्या दाराशी वेताच्या चिमुकल्या पिंजऱ्यांत मुनिया कोंबून ठेवल्या होत्या. मीही भाबडेपणाने एक पिंजरा घेतला आणि दार उघडलं. एक पाखरू उडालं. दुसरं कसंबसं भिंतीपर्यंत गेलं आणि तिथेच बसून राहिलं, त्याच्या पंखात बळच नव्हतं. विकणाऱ्याचा मुलगा कोपऱ्यात उभा राहून शांतपणे त्याच्याकडे बघत होता. मी पाठ फिरवायची तो वाट पाहत होता, हे मला बऱ्याच वेळाने कळलं. आजही आठवलं की घशाशी येतं. बारा वर्षं झाली.

रानफूल

प्रवासी, मनापासून लिहिलंत. आभार.

सडेतोड, तुमचा मुद्दा पूर्ण मान्य. तो टाळून या विषयावर प्रामाणिकपणे बोलताच येणार नाही. पण ज्या कथेच्या आधाराने हा विधी करतात ती मुळात काय सांगते, ते पाहू या का? सुवर्णप्रभास सूत्रात जलवाहन नावाच्या वैद्यपुत्राची गोष्ट आहे. तो रानातून जात असताना आटत चाललेल्या तळ्यात दहा हजार मासे तडफडताना दिसतात. आधी तो झाडाच्या फांद्या तोडून त्यांच्यावर सावली धरतो. मग हे पाणी कुठून येत होतं, याचा शोध घेत वर जातो. तेव्हा कळतं की मासे मारता यावेत म्हणून कुणीतरी वर नदीच फिरवलीय. तो प्रवाह परत वळवणं त्याच्या एकट्याच्या आवाक्याबाहेरचं असतं. मग तो राजाकडून वीस हत्ती मागून आणतो, पखालींतून पाणी वाहून तळं भरतो, माशांना खाऊ घालतो, आणि त्यानंतर त्यांना धर्म ऐकवतो.

या कथेत मासा विकत घेतलेला नाही. एका जागचा उचलून दुसरीकडे सोडलेला नाही. मासा जिथला आहे तिथेच राहिला, त्याला त्याचं पाणी परत मिळालं, आणि पाणी कुणी अडवलं याचा तपासही झाला. बाजारातून बादली आणून नदीत उपडी करणाऱ्याने ही गोष्ट अर्धीच ऐकलीय असं मला वाटतं. पूर्ण ऐकली तर तिच्यातून पाणवठे राखण्याचा विधी निघतो.

आणि तो निघालाही आहे! थायलंडात कितीतरी विहारांसमोरच्या नदीच्या पट्ट्यात मासेमारी वर्ज्य असते. अशा जागेला म्हणतात 'खेत अफाय थान', म्हणजे अभयदानाचं क्षेत्र. १९९३ मध्ये पितक यांनी नान नदीसाठी 'सुप चाता' केला. एरवी आजारी माणसाचं आयुष्य वाढावं म्हणून करतात तो हा विधी. तो नदीसाठी केला आणि त्याच्याच जोडीने माशांचं अभयक्षेत्र राखलं. मासे तिथे सुखाने वाढतात आणि पट्ट्याबाहेर गेले की लोकांच्या जाळ्यात येतात. गावाने राखलंही आणि खाल्लंही. मला हे फार शहाणपणाचं वाटतं.

हिमवाट

हिमालयाच्या बाजूचं थोडं सांगतो. जानेवारी २००६ मध्ये आंध्र प्रदेशातल्या अमरावतीला कालचक्र हा मोठा दीक्षाविधी झाला. तिथे दलाई लामांनी तिबेटी लोकांना कळकळीने सांगितलं की वाघ, बिबट्या, पाणमांजर यांची कातडी अंगावर घालू नका. वाघाच्या कातड्याची किनार लावलेली 'छुबा', म्हणजे तिबेटी झगा, सणावाराला मिरवणं तेव्हा प्रतिष्ठेचं झालं होतं, आणि त्यापायी भारतातले वाघ मारले जात होते. काही आठवड्यांत तिबेटमध्ये लोकांनी चौकाचौकांत ढीग रचून ही कातडी जाळली. कित्येक घरांची ती वर्षानुवर्षांची पुंजी होती. माणूस एवढं सोडतो ते गुरूचा शब्द मंडलाच्या, अभिषेकाच्या जागी ऐकलेला असतो म्हणून. सरकारी पत्रकाने हे झालं नसतं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. भूतानमध्ये माणूस वारला की त्याच्यासाठी मंत्र छापलेल्या १०८ पताका उभारतात. प्रत्येकीला उंच, सरळ, कोवळं झाड लागतं. दर वर्षी हजारो झाडं त्यासाठी तुटत, म्हणून सरकारने बांबू लावायला आणि जुने खांब परत वापरायला सांगितलं. हा तोच देश, ज्याने २००८ च्या राज्यघटनेत ६० टक्के भूमी कायम वनाखाली राहील असं लिहून ठेवलंय. पताकाही आता बऱ्याचशा पॉलिएस्टरच्या. सुती पताका वाऱ्यापावसाने विरून जावी, मंत्र वाऱ्यात मिसळावा, ही त्यामागची भावना. पॉलिएस्टर विरत नाही. खिंडीखिंडीत त्याच्या चिंध्या लोंबतात, धागे तुटून ओढ्यात जातात. विधीतली सगळ्यात सुंदर कल्पना विरून जाण्याची, आणि नेमकी तीच आपण काढून घेतली.

भूतानमधल्याच फोबजिखाच्या खोऱ्यात मात्र जीव रमतो. हिवाळ्यात काळ्या मानेचे क्रौंच तिथे उतरतात. येताना आणि जाताना ते गांगते मठाला प्रदक्षिणा घालतात असं तिथे मानतात. १९९८ पासून दर ११ नोव्हेंबरला मठाच्या अंगणात क्रौंचोत्सव होतो. पाखरं तारांवर आपटू नयेत म्हणून खोऱ्यात वीजही जमिनीखालून नेली.

अवांतर : चीनच्या सानजियांगयुआन भागात हिमबिबट्यांचा अभ्यास झाला होता. पाहणीतल्या ३३६ मठांपैकी ४६ टक्के मठ हिमबिबट्याच्या अधिवासातच निघाले आणि ९० टक्के त्यापासून ५ किलोमीटरच्या आत. काही मठांचे भिक्खू पवित्र डोंगरांवर गस्त घालतात.

सडेतोड

हिमवाट, आकडे रोचक आहेत, पण सावधपणे वापरा. मठ उंच, निर्जन जागी बांधतात आणि हिमबिबट्याही तिथेच राहतो. शेजारी राहिले म्हणून एकाने दुसऱ्याला वाचवलं असं होत नाही. तुमचं शेवटचं वाक्य मला जास्त महत्त्वाचं वाटतं, गस्तीचं. पाय झिजवणारा माणूस असेल तर मी ऐकायला तयार आहे.

रानफूल, जलवाहनाची गोष्ट मला ठाऊक नव्हती. वर नदी कुणी फिरवली याचा शोध, हे मनात राहील. पण मग आजचे किती विहार वरच्या धरणाबद्दल, कारखान्याबद्दल तोंड उघडतात?

जुनी लिपी

उशिरा येतेय. कुणीच अशोकाचं नाव घेतलं नाही, याचं नवल वाटलं. विधी आणि निसर्ग यांची गाठ मारणारा सगळ्यात जुना सरकारी कागद त्याचाच आहे, म्हणजे दगड. पाचवा स्तंभलेख, अभिषेकाला २६ वर्षं झाल्यावरचा. कोणकोणते प्राणी अवध्य, याची यादी आहे. पोपट, मैना, चक्रवाक, हंस, वटवाघळं, कासव, साळिंदर. गाभण आणि दुभत्या शेळ्या-मेंढ्याही. पुढे 'तुसे सजीवे नो झापेतविये', ज्यात जीव आहेत असा भुसा जाळू नये. वणवा उगाच किंवा हिंसेसाठी लावू नये. 'जीवेन जीवे नो पुसितविये', जिवावर जीव पोसू नये.

मग येतात तिथी. चातुर्मासीच्या पौर्णिमांना, तिष्य पौर्णिमेला आणि उपोसथाच्या दिवशी मासे मारायचे नाहीत आणि विकायचेही नाहीत. त्याच दिवशी हत्तींच्या वनात आणि कोळ्यांच्या राखीव पाण्यात इतर जीवही मारायचे नाहीत. उपोसथ हा मुळात शील पाळण्याचा आणि धर्म ऐकण्याचा दिवस. अशोकाने त्यालाच जोडून नदीला सुट्टी दिली. लोकांना तिथी पाठच होत्या, वेगळं पंचांग शिकवावं लागलं नाही. मला यात राजाची कल्पकता दिसते आणि लोकांच्या सवयीची जाणही.

विकायचेही नाहीत, हे विशेष बघा. फक्त मारण्यावर बंदी असती तर आदल्या दिवशी मारून ठेवले असते. बाजार बंद झाला की जाळं आपोआप कोरडं राहतं. पाखरांच्या पिंजऱ्यांचं दुखणं त्याला तेव्हाच कळलं होतं असं म्हणावंसं वाटतं.

पिंपळपान

वा, जुनी लिपी! 'विकायचेही नाहीत'कडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं.

सडेतोडांच्या गस्तीवरून आठवलं. कंबोडियात ओदार मेनचे प्रांतात भिक्खूंचं सामुदायिक वन आहे, सोरंग रुखावोन. भन्ते बुन सालुत यांनी २००२ मध्ये सुरुवात केली. १८,२६१ हेक्टर जंगल भिक्खू आणि गावकरी मिळून राखतात. चीवर घातलेली माणसं, हातात शस्त्र नाही, रानात मुक्काम करतात. करवत घेऊन आलेल्यांना अडवतात, समजावतात. २०१० मध्ये त्यांना संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. तिथेही झाडांना चीवरं बांधली आहेत. पण ते कापड लांबूनच सांगतं की इथे कुणीतरी फिरतंय, आणि ते कुणीतरी खरंच फिरत असतं.

रानफूल, तुमच्या मूळ प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर हे : गावाने पाणी प्यायलं नसतं तर चीवर हे नुसतं कापड होतं.

नवखा वाचक

नुसताच वाचत होतो, एक शंका. पाणी पिऊन शपथ घेतली, चीवर बांधलं, तरी कुणी आलंच तोडायला तर? त्या भिक्खूंचं काय झालं?

रानफूल

झालंय तसं. बुरिराम प्रांतात दोंग याई जंगलाच्या कडेला फ्रा प्राचक खुत्ताचित्तो हे भिक्खू गावकऱ्यांबरोबर जंगल राखत होते, झाडांना चीवरं बांधत होते. गावकऱ्यांना हटवून तिथे निलगिरी लावायचा घाट होता. १९९१ मध्ये त्यांना अटक झाली. भिक्खूला, चीवर अंगावर असताना! देशभर खळबळ उडाली. वर पिंपळपान म्हणाले ना, चीवर अंगावर असलेल्यावर कुऱ्हाड कोण उगारेल? उगारणारे निघाले. खटले चालत राहिले, आणि शेवटी त्यांनी चीवर उतरवलं. मला हा भाग वाचवत नाही, तरी पुन्हा पुन्हा वाचते.

आणि १९९६ मध्ये, म्हणजे अटकेनंतर पाचच वर्षांनी, राजा भूमिबोल यांच्या कारकिर्दीला ५० वर्षं झाली म्हणून उत्तरेतल्या सामुदायिक वनांच्या संघटनांनी पाच कोटी झाडांना प्रव्रज्या देण्याचा संकल्प सोडला. ज्या विधीपायी एक भिक्खू कोठडीत गेला, तोच आता राजाच्या नावाने होऊ लागला. काही जण म्हणतात की विधीची धार तिथेच गेली. राजाच्या नावाच्या आड गावांना संरक्षण मिळालं, असं म्हणणारेही आहेत. मी अजून ठरवू शकलेले नाही.

सडेतोड

पाच कोटी झाडं म्हटल्यावर तेवढ्या गावांत मुखियांनी पाणी प्यायलं का, एवढंच मला विचारायचंय. प्यायलं असेल तर माझी तक्रार नाही.

एक प्रवासी

पुढच्या वर्षी पुन्हा त्या बाजूला जायचं आहे. पिंजरा घेणार नाही. नानच्या नदीकाठी अभयदानाचा एखादा पट्टा बघायचाय. पाण्यात भात टाकला की मासे अंगावर येतात म्हणे. इथल्या कुणी पाहिला असेल तर कळवा, कुठे जायचं ते.